विद्राव्य खत ड्रममध्ये विरघळत नाही, किंवा विरघळून पुन्हा खाली बसते : कारण ओळखणे आणि दूर करणे

ठिबकमधून खत देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक द्राक्षबागेत हंगामात केव्हा ना केव्हा ही तक्रार निघतेच. पिशवीवर ‘१०० टक्के पाण्यात विद्राव्य’ असे छापलेले असते, पण २०० लिटरच्या ड्रमच्या तळाशी पांढरा थर बसतो, गाळणी नेहमीपेक्षा लवकर तुंबते आणि आठ-पंधरा दिवसांनी लॅटरलच्या, म्हणजे वेलींच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, टोकाकडचे ड्रिपर थेंब टाकेनासे होतात. पहिला संशय दुकानदारावर जातो आणि ‘माल बोगस आहे’ असा निकाल बांधावरच लागतो. कधी कधी तो खराही असतो. मात्र बहुतेक वेळा खत चोख असते आणि दोष पाण्यात, तापमानात किंवा एकत्र टाकलेल्या दोन खतांच्या जोडीत असतो.

ड्रमच्या तळाशी दिसणारा पांढरा थर दोन अगदी वेगळ्या कारणांनी बसतो आणि या दोन कारणांवरचे उपाय एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. पहिल्या प्रकारात खत मुळात विरघळलेलेच नसते. पाण्याची त्या तापमानाला जेवढी ताकद होती तेवढे विरघळले आणि उरलेले तळाशी राहिले. दुसऱ्या प्रकारात खत पूर्ण विरघळलेले असते, पण विरघळल्यानंतर त्याच्यातील घटकांची पाण्यातील किंवा दुसऱ्या खतातील घटकांशी गाठ पडून तिसराच, न विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि तो साका म्हणून खाली बसतो. पहिल्यावर कोमट पाणी, जास्त पाणी आणि थोडा धीर एवढे पुरते. दुसऱ्यावर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. उलट ढवळून ढवळून तो साका गाळणीपर्यंत पोचवण्याचे काम मात्र आपण करतो. म्हणून उपाय करण्यापूर्वी साका कोणता आहे हे ठरवणे आवश्यक आहे.

साका ओळखण्याची पद्धत

ड्रममधील वरचे नितळ द्रावण काढून घ्यावे आणि तळाचा साका वाटीभर काचेच्या बरणीत घ्यावा. त्यावर पाच-सहा पट कोमट पाणी ओतून पाच-दहा मिनिटे ढवळावे. साका नाहीसा झाला, तर ते न विरघळलेले खतच होते आणि प्रकरण पहिल्या प्रकारचे आहे. बोटांत चोळून पाहिले तरी हा फरक बऱ्याचदा कळतो : न विरघळलेले खत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कणीदार लागते, तर नव्याने तयार झालेला साका पिठासारखा मऊ असतो.

कोमट पाण्यातही साका तसाच राहिला, तर तो दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्यावा आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब टाकावेत. हे काम हातमोजे व चष्मा घालून, उघड्यावर आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातच करावे. फसफसून बुडबुडे आले आणि साका नाहीसा झाला, तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पाण्यातील चुनखडी आहे. बुडबुडे न येता साका विरघळून पाणी स्वच्छ झाले, तर तो फॉस्फेटचा साका आहे. आम्ल टाकूनही काहीच फरक पडला नाही, तर तो जिप्सम आहे किंवा पाण्याबरोबर आलेली बारीक माती आहे. जिप्सम पांढरे असते आणि उन्हात धरले तर त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक चमकतात. मातीला रंग असतो आणि ती चमकत नाही.

याच्या जोडीला आणखी एक तपासणी करावी, कारण तिच्यामुळे दुकानदाराशी होणारा निम्मा वाद मिटतो. घरच्या आरओ यंत्राचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी एका पारदर्शक बाटलीत आणि आपल्या विहिरीचे वा बोअरचे पाणी दुसऱ्या बाटलीत प्रत्येकी एक लिटर घ्यावे, दोन्हींत तेच खत १० ग्रॅम टाकावे, चांगले हलवावे आणि बाटल्या रात्रभर ठेवाव्यात. आरओच्या पाण्यात द्रावण नितळ राहिले आणि बोअरच्या पाण्यात गढूळ झाले, तर खत निर्दोष आहे. आरओच्या पाण्यातही तळाला गाळ बसला, तर शंका घ्यायला जागा आहे. विद्राव्य खतांमध्ये न विरघळणारा भाग किती असावा याची मर्यादा खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दिलेली असते आणि पक्के बिल व न फोडलेली पिशवी हाती असल्यास कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे तक्रार करता येते. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. लाल पोटॅशमधील तांबूस गाळ ही भेसळ नव्हे. तो रंगच लोहाच्या न विरघळणाऱ्या संयुगांचा असतो. सिंगल सुपर फॉस्फेट तर ड्रममध्ये टाकण्याचे खतच नाही, कारण त्याचा मोठा भाग जिप्समचा असतो.

पहिला प्रकार : खत विरघळलेच नाही

पाण्यात क्षार टाकला की पाण्याचे रेणू स्फटिकाच्या पृष्ठभागावरचे आयन एकेक करून ओढून घेतात आणि त्यांना चहूबाजूंनी वेढतात. त्याच वेळी द्रावणात फिरणारे काही आयन पुन्हा स्फटिकावर जाऊन बसत असतात. जाणारे आणि परतणारे आयन सारखेच झाले की द्रावण संपृक्त होते. त्यापुढे कितीही वेळ ढवळले तरी तळाचे खत कमी होत नाही. ढवळल्याने ही मर्यादा लवकर गाठली जाते, वाढत मात्र नाही. ही मर्यादा ठरवतात ते खताचा प्रकार आणि पाण्याचे तापमान.

द्राक्षात याचा सर्वाधिक त्रास ००:००:५० या खताने, म्हणजे पोटॅशियम सल्फेटने होतो (खताच्या नावातील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम यांची टक्केवारी दाखवतात). युरिया २० अंश सेल्सिअसला १०० लिटर पाण्यात १०० किलोहून अधिक विरघळतो, पोटॅशियम नायट्रेट सुमारे ३१ किलो विरघळते, ००:५२:३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, सुमारे २२ किलो; पोटॅशियम सल्फेट मात्र जेमतेम ११ किलो. पाणी १० अंशांवर उतरले की हे ११ किलो सुमारे ९ किलोंवर येतात आणि शून्याजवळ ७ किलोंच्या आसपास. आता वेळापत्रक पाहा. ऑक्टोबरच्या मध्यात गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झालेल्या बागेत मण्यांत पाणी उतरण्याची अवस्था साधारणतः जानेवारीत येते, पालाशची गरज त्याच सुमारास सर्वाधिक असते आणि निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्याही त्याच दिवसांत येतात. म्हणजे सर्वांत कमी विरघळणारे खत सर्वांत थंड पाण्यात आणि बहुधा सकाळी लवकर, वीज असेल त्या वेळेत कालवले जाते. त्या दिवसांत तळाशी थर दिसणे यात खताचा काहीही दोष नाही.

पोटॅशियम नायट्रेटचा, म्हणजे १३:००:४५ चा, त्रास वेगळ्या रीतीने होतो. त्याची विद्राव्यता चांगली आहे, परंतु त्याचे स्फटिक मोडण्यासाठी लागणारी उष्णता ते पाण्यातूनच ओढून घेते. २० अंशांच्या १०० लिटर पाण्यात २० किलो १३:००:४५ एकदम ओतले, तर ते विरघळता विरघळता पाण्याचे तापमान दहा अंशांहून अधिक खाली आणते. ड्रमला बाहेरून हात लावला तरी गारवा जाणवतो. विद्राव्यतेच्या तक्त्याप्रमाणे २० अंशांना ३१ किलो मावायला हवे होते, पण पाणी आता २० अंशांचे राहिलेलेच नाही. पाच-सहा अंशांच्या पाण्यात १७ किलोंच्या आसपासच मावते आणि उरलेले दोन-तीन किलो तळाशी बसते. दुपारपर्यंत ड्रम उन्हात राहिला की तोच थर आपोआप नाहीसा होतो, आणि मग सकाळी न विरघळलेले खत दुपारी कसे विरघळले याचे नवल वाटते. युरियाही असाच पाणी गार करतो. म्हणून युरिया किंवा १३:००:४५ आधी आणि ००:००:५० नंतर असा क्रम ठेवणे चुकीचे आहे. गार झालेल्या पाण्यात सर्वांत अवघड खत टाकण्याचा तो प्रकार आहे. शिवाय १३:००:४५ आणि ००:००:५० या दोन्हींत पोटॅशियम असल्याने, एकाच ड्रममध्ये दोन्ही टाकले की पोटॅशियम सल्फेटची विद्राव्यता आणखी घटते. रासायनिकदृष्ट्या ही दोन खते एकमेकांशी भांडत नाहीत, म्हणून सुसंगततेच्या तक्त्यात त्यांच्यासमोर ‘चालेल’ असेच लिहिलेले असते. थंडीत मात्र ती वेगवेगळी दिलेली बरी.

उपाय साधे आहेत. थंडीत ००:००:५० चे प्रमाण १०० लिटरला ५ किलोंच्या वर नेऊ नये आणि १३:००:४५ चे १० किलोंच्या वर. तक्त्यातील कमाल आकड्याच्या साधारण निम्म्यावर राहिले तर पाण्याचे तापमान खाली-वर झाले तरी अडचण येत नाही. शेततळ्याचे किंवा उघड्या टाकीचे पाणी रात्रभरात गार पडते, तर खोल बोअरचे पाणी थंडीतही त्यामानाने उबदार येते. म्हणून पाणी फार कठीण, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, नसेल तर पालाशचे द्रावण ताज्या उपसलेल्या पाण्यात करावे. काळा ड्रम उन्हात ठेवून दुपारी खत कालवणे हाही चांगला उपाय आहे.

खत ड्रममध्ये ओतून तळाशी साचू देण्याऐवजी ते सैल विणीच्या कापडात किंवा जाळीदार पिशवीत बांधून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लटकवावे. खताभोवती तयार होणारे घट्ट द्रावण जड असल्याने ते आपोआप खाली सरकते आणि त्याच्या जागी वरचे कमी क्षाराचे पाणी येत राहते, त्यामुळे काठी न फिरवताही विरघळण्याचा वेग चांगला राहतो. तळाशी पडलेल्या खताभोवती मात्र तेच संपृक्त द्रावण दुलईसारखे पसरून राहते आणि वरचे मोकळे पाणी खतापर्यंत पोचत नाही. ही युक्ती जुन्या माणसांना मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवण्यामुळे ठाऊक आहे. विद्राव्य खताला मात्र ती क्वचितच वापरली जाते.

दुसरा प्रकार : विरघळले आणि मग खाली बसले

विरघळलेल्या खताचे त्याच्या मूळ नावाशी नाते उरत नाही. कॅल्शियम नायट्रेट पाण्यात गेले की कॅल्शियम आणि नायट्रेट वेगवेगळे फिरू लागतात. मॅग्नेशियम सल्फेट गेले की मॅग्नेशियम आणि सल्फेट. चौघेही एकाच ड्रममध्ये असले की कॅल्शियम आणि सल्फेट यांची गाठ पडणारच, आणि त्यांच्यापासून बनणारे जिप्सम लिटरभर साध्या पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळते.

प्रत्यक्ष हिशेब केला म्हणजे या जोडीचे गांभीर्य समजते. २०० लिटरच्या ड्रममध्ये ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट एकत्र टाकले, तर त्यातून साडेतीन किलोंच्या जवळपास जिप्सम तयार होऊ शकते. खारट द्रावणात जिप्सम साध्या पाण्यापेक्षा थोडे अधिक विरघळते हे धरले, तरी दोन-अडीच किलो जिप्सम घनरूपात बाहेर पडते. वेलीला कॅल्शियम हवे होते तेही गेले, गंधक हवे होते तेही गेले आणि गाळणीला मात्र भरपूर मिळाले. अशा ड्रममध्ये आणखी ५० लिटर पाणी घातल्याने फरक पडत नाही, कारण एवढे जिप्सम मावण्यासाठी ड्रम नव्हे, मोठी टाकी लागेल.

जिप्समचे आणखी एक दुखणे असे की ते लगेच दिसेलच असे नाही. प्रमाण थोडे कमी असेल तर द्रावण तास-दोन तास नितळ राहते आणि मग हळूहळू स्फटिक धरू लागते. ‘आम्ही दोन्ही एकत्र टाकतो, काही होत नाही’ असे सांगणाऱ्याने ड्रम नितळ पाहिलेला असतो. स्फटिक धरण्याचे काम त्यानंतर लॅटरलमध्ये, ठिबक बंद झाल्यावर, निवांत चाललेले असते. जिप्सम आम्लातही फारसे विरघळत नाही, म्हणून ड्रिपरमध्ये एकदा बसलेले जिप्सम आम्लप्रक्रियेने निघत नाही. चुनखडीवर आणि फॉस्फेटवर इलाज आहे. जिप्समवर इलाज म्हणजे ते होऊ न देणे.

कॅल्शियम आणि फॉस्फेट ही दुसरी जोडी याहून वाईट आहे, कारण कॅल्शियम फॉस्फेटची विद्राव्यता जिप्समपेक्षाही पुष्कळ कमी असते. कॅल्शियम नायट्रेटबरोबर १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट), ००:५२:३४ किंवा १९:१९:१९ यांपैकी काहीही टाकले तर स्फुरद अडकतो. १९:१९:१९ हे ‘सगळ्यांशी चालणारे’ खत समजले जाते आणि त्यात स्फुरद आहे ही गोष्ट नेमकी येथेच विसरली जाते. झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट यांचीही फॉस्फेटशी अशीच गाठ पडते. फेरस सल्फेट तर नुसत्या विम्ल (अल्कधर्मी) पाण्यातही हवेशी संपर्क येऊन तांबूस गाळ धरते. चिलेटेड स्वरूपातील लोह व जस्त महाग का पडते आणि तरी ठिबकमध्ये तेच का वापरावे, याचे उत्तर एवढेच की चिलेट धातूच्या आयनाला धरून ठेवते आणि फॉस्फेटच्या हाती लागू देत नाही. मात्र ईडीटीए प्रकारचे लोह साडेसहाच्या वरच्या सामूला (पीएचला) ही पकड सोडू लागते. पाणी त्याहून विम्ल असेल तर ईडीडीएचए प्रकार घ्यावा लागतो.

तळाशी काळा, चिकट गोळा जमला असेल तर वरच्या तपासण्यांची गरजच नाही. तो ह्युमिक आम्लाचा आहे. बाजारात मिळणारे विद्राव्य ह्युमिक हे पोटॅशियम ह्युमेट असते आणि ते विम्ल पाण्यातच विरघळलेले राहते. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा ००:५२:३४ सारखे आम्लधर्मी खत पडले, अथवा कॅल्शियम नायट्रेट पडले, की ह्युमिक फाटून गोळा होते. गाळणीच्या जाळीवर हा गोळा बसला की ब्रश लावूनही निघत नाही. ह्युमिक स्वतंत्र दिवशी, एकटेच द्यावे.

जाता जाता सांगायचे तर साका ही नेहमीच वाईट गोष्ट नसते. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना यांच्यापासून मुद्दामच न विरघळणारे संयुग तयार केले जाते, कारण ते पानावर टिकावे लागते. ड्रिपरमधून मात्र काहीही टिकाऊ जायला नको.

उपाय असा की कॅल्शियमचा ड्रम वेगळा आणि सल्फेट-फॉस्फेटचा ड्रम वेगळा, हा नियम कायमचा पाळावा. एकच ड्रम असेल तर दोन खते वेगळ्या दिवशी द्यावीत आणि मध्ये ड्रम धुऊन, साध्या पाण्याने किमान अर्धा तास ठिबक चालवावे. दोन ड्रम व दोन व्हेंच्युरी (ड्रममधील द्रावण ओढून ठिबकच्या पाण्यात मिसळणारी साधने) असतील तर एकाच वेळी द्यायला हरकत नाही का, असा प्रश्न अनेकदा येतो. सल्फेटपुरते उत्तर ‘बहुधा हरकत नाही’ असे आहे : ५ किलो खत जर २०,००० लिटर पाण्याबरोबर बागेत जात असेल, तर लाईनमधील प्रमाण लिटरला पाव ग्रॅम एवढेच होते आणि जिप्सम त्यात सहज विरघळलेले राहते. फॉस्फेटपुरते उत्तर स्पष्ट ‘हरकत आहे’ असे आहे. ड्रमवर काम करणारा माणूस रोज तोच नसतो, हे ध्यानात घेता मी मात्र दोन्हींसाठी वेगळे दिवस ठेवण्याचाच आग्रह धरतो.

ड्रम नितळ, तरी ड्रिपर बंद

या तक्रारीत दोष बहुधा सिंचनाच्या पाण्याचा असतो. १२:६१:०० आणि ००:५२:३४ यांची द्रावणे स्वतःच आम्लधर्मी असतात, त्यामुळे घट्ट द्रावणात, म्हणजे ड्रममध्ये, कठीण पाण्यातील कॅल्शियमसुद्धा विरघळलेले राहते. तेच द्रावण व्हेंच्युरीतून मुख्य लाईनमध्ये गेले की शेकडो पट विम्ल पाण्यात मिसळते, त्याची आम्लता संपते आणि कॅल्शियम फॉस्फेट बाहेर पडते. ड्रम पाहून हे कधीच कळत नाही. म्हणून बाटलीची चाचणी दोन प्रमाणांत करावी : एक ड्रममधील प्रमाणात आणि दुसरी लाईनमधील प्रमाणात, म्हणजे लिटरभर सिंचनाच्या पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम खत टाकून. दुसरी बाटली दिवसभर ठेवून, काळ्या कागदासमोर धरून पाहावी. तिच्यात धुरकटपणा आला तर त्या पाण्यातून ते खत तसेच देणे योग्य नाही.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) भिजवून, निवळी गाळून ठिबकमधून सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. डीएपीचे द्रावण आठच्या आसपास सामूचे, म्हणजे विम्ल असते, त्यामुळे कठीण पाण्यात स्फुरदाचा साका ड्रममध्येच सुरू होतो. स्वस्तात पडते म्हणून ही पद्धत टिकून आहे. लॅटरल बदलण्याचा खर्च त्या हिशेबात धरलेला नसतो.

पाणी कितपत दोषी आहे हे अंदाजाने ठरवू नये. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासणी करून अहवालातील बायकार्बोनेटचा आकडा पाहावा. तो आकडा ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असेल, तर १००० लिटर पाण्यातील सर्व बायकार्बोनेट निकामी करण्यासाठी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल सुमारे ३४० मिलिलिटर लागते आणि २०० लिटरच्या ड्रमला सुमारे ७० मिलिलिटर. व्यवहारात साधारण ८० टक्के बायकार्बोनेट घालवले तरी पुरते. केवळ ड्रमच्या पाण्यासाठी हे परवडते. एका सिंचनाच्या २०,००० लिटर पाण्यासाठी ते साडेपाच-सहा लिटरवर जाते आणि मग खर्चाचा विचार करावा लागतो. अशा पाण्यात स्फुरदासाठी युरिया फॉस्फेट, म्हणजे १७:४४:००, हे अधिक आम्लधर्मी खत निवडल्यास तेच खत लाईन स्वच्छ ठेवायलाही हातभार लावते. आम्ल हाताळताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर), खत न देताही ड्रिपरच्या तोंडावर पांढरे कवच दिसते. हे कवच चुनखडीचे असते आणि त्याचे वागणे खताच्या नेमके उलट असते. कठीण पाण्यात कॅल्शियम हे बायकार्बोनेटच्या सोबतीने, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या आधारावर टिकलेले असते. उन्हात काळी लॅटरल तापली की हा वायू निघून जातो, पाण्याची वाफ होते आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते. म्हणजे थंडीत पोटॅश खाली बसतो तो गारठ्यामुळे आणि एप्रिलमध्ये चुनखडी बसते ती उष्णतेमुळे. म्हणून जानेवारीचा उपाय, म्हणजे ऊब, एप्रिलमध्ये अपाय ठरतो. चुनखडीसाठी लाईनमधील पाण्याचा सामू चारच्या आसपास येईल इतके आम्ल सोडून, ते लॅटरलमध्ये भरलेले असताना संच बंद करावा, दुसऱ्या दिवशी फ्लश व्हॉल्व्ह आणि एंड कॅप उघडून संपूर्ण संच धुवावा. यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल बरे. गंधकाम्ल स्वस्त असले तरी कवच जाड असल्यास त्याच्यातील सल्फेट आणि कवचातील कॅल्शियम मिळून जिप्सम होण्याचा धोका असतो आणि जिप्समचे पुढे काय होते हे वर आलेच आहे. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरत असल्यास ती आणि आम्ल कोणत्याही परिस्थितीत एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कालवण्याचा क्रम आणि उरलेले द्रावण

ड्रम आधी तीन चतुर्थांश पाण्याने भरावा. आम्ल वापरायचे असल्यास ते प्रथम, मग सर्वांत कमी विरघळणारे खत, ते पूर्ण विरघळल्यावर पुढचे, आणि पाणी गार करणारी खते सर्वांत शेवटी. शेवटी ड्रम भरून घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावा. व्हेंच्युरीची नळी तळाला टेकवू नये. तळापासून वीतभर वर ठेवून तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. बोरॅक्स गार पाण्यात फार हळू विरघळतो, म्हणून तो बादलीभर कोमट पाण्यात वेगळा विरघळवून मग ड्रममध्ये ओतावा.

कॅल्शियम नायट्रेटची फोडलेली पिशवी पावसाळ्यात हवेतील ओल ओढून पाझरू लागते. ते खराब होत नाही, पण त्यात पाण्याचे वजन वाढल्याने पूर्वीच्याच मापाने टाकल्यास खत कमी पडते. अशी पिशवी घट्ट बांधून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावी. त्या खताच्या दाण्यांवरील आवरणामुळे द्रावणावर कधी कधी तेलकट तवंग येतो. तो साका नव्हे, वरून काढून टाकावा.

थंडीत संध्याकाळी तयार केलेले द्रावण सकाळी सोडण्यासाठी ठेवू नये. रात्री तापमान उतरले की विरघळलेले पोटॅशियम पुन्हा स्फटिक होऊन ड्रमच्या कडेला आणि व्हेंच्युरीच्या नळीत बसते. तसे झाले असेल, तर सकाळी व्हेंच्युरी सुरू करण्यापूर्वी नळी कोमट पाण्याने मोकळी करावी, ड्रम उन्हात येईपर्यंत थांबावे आणि तळ पूर्ण स्वच्छ दिसल्यावरच खत सोडावे. खत सोडून झाल्यावर त्याच पाळीत किमान वीस मिनिटे साधे पाणी चालवावे, म्हणजे ठिबक बंद होताना ड्रिपरमध्ये खताचे द्रावण शिल्लक राहणार नाही.